पीएम किसान आणि नमोचे पैसे : तुमच्या घरी या पैशांकडे कसं बघतात?

रानपाखरू (२२ नोव्हेंबर २०२५)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात होतं, आज लिहितोच, लांब झालं तर सांभाळून घ्या.

१९ तारखेला पीएम किसानचा २१वा हप्ता पडला. मी संभाजीनगरला कंपनीत आहे, घरी जालना जिल्ह्यात साडेतीन एकर रान, अण्णा आणि आई बघतात. विहीर आहे पण जानेवारीनंतर तिच्यात काही राहत नाही, म्हणजे कोरडवाहूच धरा. अण्णांचा फोन साधा आणि बँकेचा मेसेज इंग्रजीत येतो त्यामुळे हप्त्याच्या दिवशी संध्याकाळी मला फोन ठरलेला, "बघ रे, मोदीचं आलं का?" आमच्याकडे सगळे असंच म्हणतात, मोदीचं. नमोच्या, म्हणजे राज्य सरकारच्या योजनेच्या हप्त्याला वेगळं नाव पडलेलंच नाही, तेपण मोदीचंच.

या वेळी मी सहज विचारलं की अण्णा, हे पैसे येतात त्याचं तुम्हाला नेमकं काय वाटतं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "घ्यायला बरं वाटतं, सांगायला बरं वाटत नाही."

तेव्हापासून तेच डोक्यात फिरतंय. कारण त्यांना पैशाची गरज नाही असं अजिबात नाही. यंदा सप्टेंबरच्या पावसात आमच्या सर्कलमध्ये तीन दिवस रानात पाणी उभं होतं, अडीच एकर सोयाबीनमधून ९ क्विंटल निघालं तेपण डागी. हमीभाव ५३२८ आणि आम्हाला अडतीवर ३८५० मिळाले. क्विंटलला १४७८ कमी, नऊ क्विंटलचे तेरा हजार तीनशे झाले. पीएम किसान आणि नमो मिळून वर्षाला येतात बारा हजार. हा हिशोब मी मांडला नाही, अण्णांनीच मला फोनवर तोंडी करून दाखवला, सातवी शिकलेला माणूस.

पण आई वेगळं बोलते. ती म्हणते, अडत्याचे पैसे आले की उधारीत जातात, ट्रॅक्टरवाल्याला, दुकानदाराला, सोसायटीला, ते घरात येतच नाहीत. हे दोन हजार तेवढे घरात येतात. त्यावर कुणाचं नाव आधी लिहिलेलं नसतं. या हप्त्यातून तिने हरभऱ्याचं बियाणं आणलं आणि उरलेल्यात माझ्या भाचीला स्वेटर. म्हणजे तिच्यासाठी ते खरंच सन्माननिधी आहेत, नाव काही का असेना.

एकाच घरात दोन मतं आणि मला दोन्ही खरी वाटतात. तुमच्याकडे काय बोलतात लोक? पेपरात येतं ते नको, घरात ओट्यावर बसून जे बोलतात ते लिहा.

वऱ्हाडी_कास्तकार (२२ नोव्हेंबर)

भाऊ धागा चांगला काढला. मी यवतमाळ जिल्ह्यातला. माह्याकडे सात एकर कपाशी हाये पण माह्या नावानं एक गुंठाबी नाही. बापानं बहिणीच्या लग्नात जमीन इकली ते इकलीच. तवापासून ठेक्यानं करतो, एकरी बारा हजार, गुढीपाडव्याला नगदी मालकाच्या हातात ठेवा लागते, मग पाणी येवो न येवो.

मालक अमरावतीला राहते. माणूस वाईट नाही, खोटं कायले बोलू, पोरीच्या दवाखान्याच्या वेळी त्यानंच मदत केली. पण सातबारा त्याचा म्हणून पीएम किसान त्याले, नमो त्याले, अतिवृष्टीची मदतबी त्याच्याच खात्यात. बियाणं माझं, खत माझं, फवारणी करून नाकातोंडात औषध मी घेतो, आन कागदावर शेतकरी तो. त्याले म्हटलं करारनामा करून देता का तर म्हणते नाही, कूळ लागन, म्हंजे कसणाऱ्याचा जमिनीवर कायद्यानं हक्क लागन. त्याच्या जागी मी असतो तर मीबी भेलो असतो कदाचित. बापजाद्याची जमीन हाये त्याची.

फेब्रुवारी २०२४ मंधे प्रधानमंत्री आमच्या यवतमाळलेच आले होते, १६वा हप्ता तेथूनच सोडला. मीबी गेलो होतो. मंडपात शेतकरी म्हणून बसलो, टाळ्या वाजवल्या, आन घरी येता येता डोक्यात आलं का आपल्याले यातलं काहीच भेटलं नाही, आपण कोणासाठी टाळ्या वाजवल्या?

आता कापसाचं. लांब धाग्याले ८११० हमीभाव हाये. सीसीआयले, म्हंजे सरकारी कापूस खरेदीले द्यायचा तर ॲपवर नोंदणी पायजे, नोंदणीले सातबारा पायजे, त्याच्यावर पीकपेरा पायजे. हे सगळं मालकाच्या नावानं. म्हणून मी खाजगीत देतो, ६९०० नं गेला माझा पयला वेचा. त्यातच ऑगस्टमधे बाहेरच्या कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढून टाकलं डिसेंबरपर्यंत. रानपाखरूभाऊ, तुमचे अण्णा म्हणतात घ्यायला बरं वाटते. मले तर घ्यायचंच कवा भेटलं नाही, त्यामुळे बरं वाटते का वाईट ते सांगता येत नाही.

कांदा_निफाड (२३ नोव्हेंबर)

माझं मत कडक आहे, कुणाला लागलं तर माफ करा पण मनापासून लिहितोय.

आमचे वडील १९८० च्या आंदोलनात होते, शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या मागे. घरात एकच घोषणा ऐकत मोठे झालो, भीक नको हवे घामाचे दाम. म्हणून २०१९ ला जेव्हा पहिला हप्ता आला तेव्हा वडिलांनी पासबुक बघितलं आणि म्हणाले हे परत करता येतं का. परत करायची सोय नव्हती असं नाही, पण आईनं करू दिलं नाही. (आई सगळीकडे सारखीच दिसते.)

आता माझा हिशोब ऐका. ७ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदीचा आदेश निघाला. आदल्या दिवशी माझा लाल कांदा ३८०० नं गेला होता. चार दिवसांनी तोच कांदा, तोच वाफा, तीच बाजार समिती, २००० नं गेला. माझा ६० क्विंटल माल राहिला होता. साठ गुणिले अठराशे, एक लाख आठ हजार. पीएम किसानचे वर्षाला सहा हजार धरले तर अठरा वर्षांचे पैसे एका रात्रीत गेले. बंदी उठली ४ मे २०२४ ला, तेव्हा ४० टक्के निर्यात शुल्क ठेवून उठली, ते शुल्क पूर्ण निघायला १ एप्रिल २०२५ उजाडला. तोवर बाहेरची गिऱ्हाईकं दुसऱ्या देशांकडे गेलेली.

मला दोन हजार देणाऱ्याचा राग नाही. मला राग याचा आहे की माझ्या खिशातून काय गेलं त्याचा मेसेज कधी येत नाही. आलेल्याचा मात्र येतो, फोटोसकट.

कातळसडा (२३ नोव्हेंबर)

वरचे सगळे प्रतिसाद वाचले, पटले. पण थोडं आमच्याबद्दलही बोला. आम्ही संगमेश्वर तालुक्यातले. १८ गुंठे भात आणि वर वरकस, म्हणजे उताराची हलकी जमीन. आम्ही विकत काहीच नाही. जे पिकतं ते घरात खातो, चाकरमानी गणपतीला आले की त्यांना दोन पायली बांधून देतो, संपलं. भाताचा हमीभाव दुप्पट केला तरी आमच्या घरात एक रुपया जास्त येणार नाही.

म्हणून "पैसे नकोत, भाव द्या" असं कुणी म्हटलं की मला धास्ती वाटते. भाव विदर्भाला मिळेल, नाशिकला मिळेल, आम्हाला काय? माझी आई ७१ वर्षांची आहे. तिचे वर्षाचे बारा हजार म्हणजे पॉवर टिलरचं भाडं आणि लावणीच्या दोन दिवसांची बायामाणसांची मजुरी. ते नसते तर गेल्या चार वर्षांत आमची जमीन पड राहिली असती, जशी वाडीतल्या निम्म्या घरांची पडली आहे. डुक्कर आणि वानरांमुळे लोकांनी नाचणी, वरी कधीच सोडली, आता भातही सोडतायत.

आणि आमच्या सातबाऱ्यावर ४३ नावं आहेत. आजोबांच्या भावांची, त्यांच्या मुलांची, लग्न होऊन गेलेल्या आत्यांची. त्यातले निम्मे हयात नाहीत, बाकीचे विरार-डोंबिवलीला. आईचं नाव त्यात होतं म्हणून मिळालं. शेजारच्या काकूचं नाही, तिच्या नवऱ्याच्या मागे वारसनोंदच झाली नाही, ती माझ्या आईच्याच बांधाला खांदा लावून चिखलात असते.

मुळामुठा (२३ नोव्हेंबर)

मी पगारदार, शेती नाही, आजोळी होती. प्रामाणिकपणे विचारतो. २०२५-२६ च्या बजेटमध्ये पीएम किसानला ६३,५०० कोटी आहेत, वर राज्याचं नमो वेगळं. टॅक्स भरायला माझी ना नाही. पण वर तुम्हीच सगळे म्हणताय की यातून भागत नाही. मग हेच पैसे पाणी, गोदामं, रस्ते यात घातले तर जास्त उपयोग होणार नाही का? दोन-दोन हजार वाटून प्रत्येकाच्या हातात थोडंथोडंच उरतं असं मला वाटतं.

कांदा_निफाड (२३ नोव्हेंबर)

मुळामुठा, प्रश्न रास्त आहे, उत्तर देतो. एक म्हणजे टॅक्स तुम्ही एकटे भरत नाही. आम्ही फवारणीच्या औषधावर १८ टक्के जीएसटी भरतो आणि तो आम्हाला व्यापाऱ्यासारखा परत मिळत नाही. माझं द्राक्षाचं अर्धा एकर आहे, त्याचं औषधाचं बिल वर्षाला चाळीस हजारावर जातं, म्हणजे त्यातले सहा हजार निव्वळ करात गेले. जेवढा पीएम किसान तेवढाच. डिझेलवरचं मी सांगतच नाही.

दुसरं, पाणी आणि गोदाम हवंच. पण "याऐवजी" म्हणू नका. आमचा अनुभव असा की एक बंद झालं की दुसरं सुरू होतंच असं नाही. २०२३ ला एक रुपयात पीक विमा आणला, २०२५ ला बंद केला. त्यात गैरप्रकार झाले हे खरं, पण ज्यांनी केले त्यांना धरायचं सोडून सगळ्यांचा हप्ता वाढवला.

आणि कातळसडा, तुमचं वाचून मी माझं थोडं मागे घेतो. मी बाजारात माल नेणाऱ्याच्या नजरेनं लिहिलं. न विकणारा शेतकरी माझ्या डोळ्यासमोर नव्हता.

जुना_कृषीसेवक (२४ नोव्हेंबर)

कृषी खात्यात ३१ वर्षं काढली, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. या योजनेची पहिली यादी आम्ही हातानं केली आहे म्हणून लिहायला बसलो.

आधी रानपाखरू यांना एक दुरुस्ती. डागी सोयाबीनला हमीभाव लागू होत नाही, तो ठरलेल्या प्रतीच्या मालाला असतो. त्यामुळे यंदाचा हिशोब त्या अर्थानं धरता येणार नाही. चांगल्या मालाच्या वर्षाचा करा, मग बोलू.

आता २०१९. १ फेब्रुवारीला अंतरिम अर्थसंकल्पात घोषणा झाली आणि २४ फेब्रुवारीला गोरखपूरहून पहिला हप्ता सुटला. मधल्या तीन आठवड्यांत तलाठी, ग्रामसेवक आणि आम्ही, तिघांनी मिळून गावोगाव याद्या केल्या. रात्री अकरा-बारापर्यंत चावडीवर बसून आधार नंबर लिहिले. तेव्हा दोन हेक्टरची मर्यादा होती. जूनमध्ये ती काढली, परत सगळ्या याद्या. निवडणुकीच्या तोंडावर होतं म्हणून घाई होती हे गावाला कळत होतं, लोक तोंडावर बोलायचेही. पण त्या घाईत ज्यांची नावं चुकली ती अजून चुकलेलीच आहेत, हे कुणी बोलत नाही. आमच्याकडून आधारातला एक आकडा इकडचा तिकडे झाला आणि त्या माणसानं चार वर्षं चकरा मारल्या. ते मला आजही टोचतं.

दुसरी आठवण. पुढे आयकर भरणाऱ्यांकडून वसुली सुरू झाली. एक मोठा बागायतदार होता, त्यानं चारचौघांत भांडून पैसे भरले आणि विसरून गेला. पण एक साधा गृहस्थ, एका वर्षी कुठल्याशा कारणानं नाव आयकराच्या यादीत लागलेलं, आठ हजार रुपये रुमालात बांधून घेऊन आला आणि माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, "साहेब, मी मागितले नव्हते." नजर वर केली नाही त्यानं. चोरी पकडल्यासारखा उभा होता. मी त्याला बसवून चहा दिला, त्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं.

आणखी एक गोष्ट इतक्या वर्षांत बघितली. वीज गेली तर शेतकरी सबस्टेशनवर जातो, उसाचं बिल थकलं तर कारखान्यावर जातो, पण पीएम किसानचा हप्ता थांबला तर बहुतेक जण गप्प बसतात. त्यांना वाटतं आपलंच काहीतरी चुकलं असेल, किंवा दिलेलं दान थांबलं तर भांडायचं कुणाशी. मी सांगायचो, बाबांनो, हे दान नाही, तुमचा हक्क म्हणून नोंद आहे, अर्ज करा. ऐकायचे, मान हलवायचे, जायचे.

ज्यांचा थांबला आहे त्यांनी तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासा. ई-केवायसी झाली का, पोर्टलवर जमिनीची नोंद जोडलेली दाखवते का, आणि बँक खातं आधारला थेट लाभासाठी जोडलं आहे का. लोक म्हणतात बँकेत आधार दिलंय, पण आधार देणं वेगळं आणि हे जोडणं वेगळं. आता त्यात शेतकरी ओळख क्रमांकही आला आहे.

रानपाखरू (२४ नोव्हेंबर)

काका, दुरुस्ती मान्य. मग गेल्या वर्षीचा सांगतो, तेव्हा माल चोख होता. हमीभाव ४८९२. खरेदी केंद्रावर नंबर लावला, बारदाना संपला म्हणून थांबलो, शेवटी लग्नसराईत पैसे लागले म्हणून ४०५० नं बाहेर दिलं, १६ क्विंटल. क्विंटलला ८४२ कमी, म्हणजे तेरा हजार चारशे बहात्तर. माल डागी असो की चोख, तूट जवळपास तेवढीच निघाली.

त्या रुमालवाल्या माणसाचं वाचून अण्णांचं वाक्य मला आता कळलं असं वाटतंय.

माणदेशी_लेक (२५ नोव्हेंबर)

पहिल्यांदाच लिहितेय, एरवी नुसतं वाचते. चुकलं तर सांगा.

माझे मालक ऑगस्टमध्ये गेले. तीन एकर आहे, ज्वारी, थोडं डाळिंब. पीएम किसान त्यांच्या नावावर होतं. मी पहिल्यापासून त्यांच्या बरोबरीनं रानात, पण खातं त्यांचं, मोबाईल त्यांचा, अंगठा त्यांचा. हप्ता आला की सांगायचे, आले बरं का. वाईट नव्हते ते, विचारून खर्च करायचे. पण मेसेज मी कधी बघितला नाही.

आता वारसाचा फेरफार टाकलाय. दिरांनी हरकत घेतलीय, म्हणतात विहिरीचा वाटा आधी ठरवू. त्यामुळं नोंद अडकली. नोंद नाही म्हणून हप्ता नाही. रानात मात्र मीच जाते, परवा ज्वारीला पाणी दिलं रात्री दोनला, लाईट तेव्हाच असते.

एक हिशोब मला समजेना म्हणून मुलीला कागदावर करायला लावला, तो इथं लिहिते. मालक होते तेव्हा त्यांचे वर्षाला बारा हजार यायचे, पीएम किसानचे सहा आणि नमोचे सहा. मला लाडक्या बहिणीचे महिन्याला दीड हजार, म्हणजे अठरा हजार. घरात तीस हजार. आता मालकांचे बंद झाले. उद्या माझं नाव लागलं आणि मला बारा हजार सुरू झाले तर लाडक्या बहिणीचे दीड हजारावरून पाचशे होणार, कारण महिन्याला दीड हजाराच्या वर दोन्ही मिळून देत नाहीत. म्हणजे बारा आणि सहा, अठराच. नाव लागलं काय आणि न लागलं काय, मला अठराच. घरातला कमावता माणूस गेला आणि सरकारकडून येणारे बारा हजारपण गेले.

मुलगी म्हणाली, आई मग कशाला चकरा मारतेस तहसीलला, सारखंच आहे की.

तिला मी सांगितलं ते इथंपण सांगते. पैसे सारखे असले तरी मला ते शेतकरी म्हणून हवेत. लाडकी बहीण कुणीपण असते. माझ्या नावाचा सातबारा आणि त्यावर आलेला हप्ता हा मी केलेल्या कामाचा आहे. सतरा वर्षं केलंय.

जुना_कृषीसेवक (२५ नोव्हेंबर)

ताई, बरं झालं लिहिलंत. दोन गोष्टी लगेच करा. मालकांच्या खात्यात त्यांच्या निधनानंतरचा एखादा हप्ता आला असेल तर तो काढू नका, पुढे वसुली निघते आणि त्रास तुम्हाला होतो. मृत्यू दाखल्यासह कृषी कार्यालयात लेखी कळवा, पोच घ्या. आणि १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन नावावर झाली म्हणून तुम्हाला कुणी अपात्र म्हणालं तर घाबरू नका, वारसानं आलेल्या जमिनीला ती अट लागत नाही.

दिरांच्या हरकतीचं म्हणाल तर वारसनोंद आणि वाटप या दोन वेगळ्या बाबी आहेत. विहिरीचा वाटा हा वाटपाचा विषय. तो मिटला नाही म्हणून वारस म्हणून तुमचं नाव लागू नये असं नाही. मंडळ अधिकाऱ्यांसमोर सुनावणीला हे एवढंच शांतपणे सांगा, जमलं तर लिहूनच न्या.

तुमचा तीस हजारांचा हिशोब मी दोनदा तपासला. बरोबर आहे. इतकी वर्षं खात्यात काढून माझ्या लक्षात आला नव्हता.

मांजराकाठ (२६ नोव्हेंबर)

मी नांदेड जिल्ह्यात सीमेवर राहतो, नदी ओलांडली की तेलंगणा. सोयरीक अर्धी तिकडे. त्यामुळे तुलना रोजच होते, लग्नात, दहाव्याला, बाजारात.

तिकडे मे २०१८ पासून रयतु बंधू सुरू झालं, म्हणजे पीएम किसानच्याही आधी. आपल्यासारखं घरटी नाही, एकरी. सुरुवातीला एका हंगामाला एकरी चार हजार, मग पाच, आता नाव बदलून रयतु भरोसा केलंय आणि हंगामाला सहा हजार, म्हणजे वर्षाला एकरी बारा. माझ्या मेहुण्याला पाच एकराचे साठ हजार बसतात आणि मला इकडे पाच एकराला बारा हजार. धर्माबाद तालुक्यातल्या गावांनी एके काळी आम्हाला तेलंगणात घ्या अशी मागणी केली होती ती उगाच नाही. पुढे २०२३ ला तिकडच्या पक्षाची नांदेडला सभा झाली तेव्हा आमच्या गावातून ट्रॅक्टर भरून लोक गेले, पक्षाशी कुणाला देणंघेणं नव्हतं, एकरी पैसे ऐकायला गेले होते.

पण आतली गोष्टही सांगतो. मेहुण्याच्या शेजारी ४० एकराचा मालक आहे, हैदराबादला राहतो, त्याला एकरामागे तेवढेच मिळत आले. आणि त्याची जमीन कसणारा कौलदार, आपल्या वऱ्हाडी भाऊंसारखा, त्याला शून्य. उलट पैसे सुरू झाल्यावर मालकांना कळलं की जमीन धरून ठेवली तरी पैसा येतो, मग ठेका कशाला कमी करायचा. कौलदार म्हणतो तुमच्या योजनेनं माझा खर्च वाढला.

ओडिशानं कालिया योजनेत भूमिहीन घरं घेतली होती, बंगालमध्ये कृषक बंधूत बर्गादार म्हणजे बटईदार आहेत, आंध्रात कौलदारासाठी वेगळं कार्ड काढलं. म्हणजे करायचं म्हटलं तर रस्ता आहे. जमिनीची मालकी आणि त्या वर्षीची वहिवाट वेगवेगळी नोंदवायची, मालकाला लिहून द्यायचं की याने कूळ लागणार नाही. आपल्याकडे २०२१ पासून ई-पीक पाहणी आहेच की, मोबाईलवर रानात उभं राहून फोटो काढतो कोण? कसणाराच काढतो. त्याचं नाव लिहायला एक रकाना वाढवा.

वऱ्हाडी_कास्तकार (२६ नोव्हेंबर)

मांजराकाठभाऊ, फोटोचं एकदम बरोबर बोलले. सात एकराचा पीकपेरा मीच लावतो दरवर्षी, मालकाच्या नावानं, मालकाले फोन करून ओटीपी इचारतो. उन्हात उभा मी राहतो आन नाव येते त्याचं. एक रकाना द्या राजेहो. पैसे नंतरचं पाहू, आधी शेतकरी म्हणून कुठंतरी लिहा.

माणदेशी ताई, तुमचं न माझं दुखणं एकच हाये.

कातळसडा (२६ नोव्हेंबर)

+१. शेजारच्या काकूला कालच ताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला. काकू म्हणाली माझ्या वारसनोंदीला कुठं जायचं ते त्या साहेबांना विचार. कृषीसेवक काका, ४३ नावांच्या सामाईक सातबाऱ्यावर एकटीची वारसनोंद होते का, की सगळ्यांच्या सह्या लागतात?

जुना_कृषीसेवक (२६ नोव्हेंबर)

वारसनोंदीला बाकीच्यांच्या सह्या लागत नाहीत. मयताच्या जागी त्याचेच वारस लागतात, सह्या लागतात त्या वाटपाला. मृत्यू दाखला आणि वारसांची माहिती देऊन तलाठ्याकडे अर्ज करा, ऑनलाइनही होतो. काकूंचं वय जास्त असेल तर तुम्ही सोबत जा, एकट्या पाठवू नका.

मुळामुठा (२७ नोव्हेंबर)

मी प्रश्न विचारला तेव्हा मला वाटत होतं की वाद पैसे जास्त की कमी याचा आहे. तसा तो नव्हता. संसदेच्या कृषी समितीनं डिसेंबर २०२४ मध्ये सहाचे बारा हजार करा अशी शिफारस केली होती, ती वाचली होती आणि त्यावरच अडलो होतो. बारा केले तरी वऱ्हाडी भाऊंना शून्यच, हे लक्षात आलं नव्हतं. आजोळची जमीन मामेभावांनी ठोक्यानं दिली आहे. कसणाऱ्याचं नाव मला माहीत नाही, आज विचारणार आहे.

रानपाखरू (३० नोव्हेंबर)

शनिवारी गावी गेलो होतो. रात्री जेवणं झाल्यावर अण्णा-आईला हा सगळा धागा मोबाईलवरून वाचून दाखवला. दीड तास लागला, मध्ये लाईट गेली तरी थांबू दिलं नाही. कांद्याच्या हिशोबाला अण्णांनी "हां" म्हटलं, रुमालवाल्या माणसाशी आले तेव्हा तंबाखू मळायचे थांबले. आईनं वऱ्हाडी भाऊंचा प्रतिसाद परत वाचायला लावला, तिच्या माहेरी सगळे बटईनंच करतात.

एक गोष्ट मला माहीत नव्हती ती कळली. आमच्या सातबाऱ्यावर आईचं नाव नाही. कधी विषयच निघाला नाही. अण्णा म्हणाले, लावून टाकू, सहहिस्सेदार म्हणून लावता येतं का ते त्या कृषीसेवकाला विचार. आई काही बोलली नाही, भांडी घासायला उठली, पण मग आतून आवाज आला की आधारकार्ड डब्यात आहे, पत्र्याच्या.

सकाळी निघताना अण्णा बसस्टँडपर्यंत आले. हप्त्याचं, भावाचं काही बोलले नाहीत. विचारलं एवढंच की त्या माणच्या बाईचा फेरफार झाला का. ताई, काय झालं?

माणदेशी_लेक (१ डिसेंबर)

दादा, अजून नाही. गुरुवारी सुनावणी आहे मंडळ अधिकाऱ्यांपुढं. कृषीसेवक काकांनी सांगितलं तसं मुलीनं लिहून दिलंय, वारस वेगळं आणि वाटप वेगळं, एका पानात. दीर पण येणार आहेत. झालं की लिहिते. अण्णांना नमस्कार सांगा.